घोड्याच्या वाट्याची साखर

तिहोमिर चिर्यानिचला रडू येत नव्हतं, आणि त्याच्या रडण्याची वाट बघत बेलग्रेडमधल्या एका भाड्याच्या स्टुडिओत अख्खं युनिट ताटकळलं होतं.

पलंगावर एक वयस्क नटी मेल्याचं सोंग घेऊन पडली होती. दोन टेकच्या मधे ती उठून सिगरेट ओढून यायची आणि पुन्हा मरायची. तिहोमिर काळा ओव्हरकोट घालून दारातून यायचा, पलंगाशी थबकायचा, खांदे पाडायचा, ओठ थरथरवायचा. सगळं बिनचूक. डोळे मात्र कोरडे ठणठणीत. चित्रपटात तो परदेशी आयुष्य काढून आईला मूठमाती द्यायला परतलेला मुलगा होता, आणि हा एक शॉट म्हणजेच तो चित्रपट होता. इथे रडला तर तो नायक, नाहीतर काळा कोट घातलेला एक जाडा माणूस.

"काका," दिग्दर्शक रेल्या म्हणाला, "तुमचा चेहरा रडतोय हो. पण डोळे नुसते बघ्यासारखे उभे आहेत."

रेल्या तिशीतला, दाढीवाला, बोलायला अतिशय नम्र. सिनेमाच्या धंद्यात खेकसणारा माणूस परवडतो. नम्र माणूस तुम्हाला कधी विकून येईल त्याचा पत्ता लागत नाही.

"मेन्थॉलची कांडी दे," तिहोमिर म्हणाला. "डोळ्याखाली फिरवली की झालं. अख्खं आयुष्य मी तिच्यावर रडत आलोय, कुणाच्या बापाला कळलं नाही."

"मला कळतं ना. कॅमेरा नाकाशी आहे तुमच्या. मेन्थॉलचं पाणी नुसतं वाहतं, काका. आतून येत नाही." रेल्या त्याच्या शेजारी टेकला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "निर्माते दुसऱ्या एकाशी बोलून बसलेत. या आठवड्यात हा शॉट झाला नाही तर कोट त्याच्या मापाचा करून घ्या म्हणतात. मी भांडतोय त्यांच्याशी. पण मी तरी किती भांडणार?"

सत्तावन्नाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा नायकाचं काम मिळालं होतं. पहिल्यांदा म्हणजे, आठव्या वर्षानंतर पहिल्यांदा.

आठव्या वर्षी त्याने सगळ्या युगोस्लाव्हियाला रडवलं होतं. लढाईचा सिनेमा, डोंगरातले बंडखोर, त्यांचे निरोप पोचवणारा एक पोरगा आणि झेकान नावाचा त्याचा करडा घोडा. शेवटी घोड्याला गोळी लागते आणि पोरगा त्याच्या मानेवर पडून हंबरडा फोडतो. त्या हंबरड्याने बायका रुमाल भिजवून थिएटरबाहेर पडल्या, बराकींमधले शिपाई नाक ओढत झोपले, आणि शाळाशाळांतून पोरांना रांगा लावून तो सिनेमा दाखवला गेला. एवढं सगळं झालं आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर घोड्याचं नाव. पोराचं नाव कुणालाच आठवेना. तेव्हापासून तिहोमिर हा झेकान झाला. शाळेत झेकान, लष्करात झेकान. खानावळीत शिरला की कोपऱ्यातला एखादा दारुडा हमखास खिंकाळायचा आणि बाकीचे टेबलावर थापा मारून हसायचे. बायको सोडून गेली तेव्हा तिनेही जाता जाता चिमटा काढलाच. म्हणाली, "तो घोडा बरा, निदान वेळेवर मेला."

पुढची कारकीर्द सांगण्यासारखी नाही, पण सांगितली पाहिजे, कारण ती त्याने भोगली. आवाज फुटला तेव्हा त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घातला. मिशी फुटली तेव्हा कामंच बंद झाली. नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेला गेला, तर परीक्षक एकमेकांकडे बघून गालात हसले आणि म्हणाले, "तू काय बाबा, तयार नट." आणि घरी पाठवलं. मग जर्मन शिपाई, दारवान, वेटर, पुन्हा जर्मन शिपाई. तो मागच्या रांगेत उभा राहायचा आणि पहिल्या गोळीला पडायचा. देश फुटला, सिनेमे थांबले, तेव्हा तो सरबताच्या बाटल्यांत पेट्रोल भरून रस्त्याकडेला विकत बसला, आणि गाडीवाले काच खाली करून विचारायचे, "काय झेकान, ओट्स खातोस की पेट्रोल पितोस?" नंतर मुलांच्या एका नाटकात त्याला पुन्हा घोडा मिळाला. मागचे पाय. पुढच्या पायांत एक तरणा पोरगा होता आणि तो कांदा खाऊन यायचा.

आणि या सगळ्याच्या मागे होती त्याची आई, कोसारा.

कोसारा पोझेगा गावातल्या कारखान्याच्या हौशी नाटक मंडळात काम करायची. लग्नाआधी एकदा बेलग्रेडला नटी व्हायला गेली होती आणि परत आली होती. का परत आली, हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण घोड्याच्या सिनेमासाठी मुलाच्या निवडीला ती त्याला घेऊन गेली तेव्हा स्वतः लाल ओढणी बांधून, ओठ रंगवून गेली, आणि कॉम्रेड ग्व्होझ्देन या दिग्दर्शकापुढे मुलाच्या आधी आपणच एक कविता म्हणून दाखवली.

त्या प्रसिद्ध शॉटच्या दिवशी पोराला काही केल्या रडू येईना. त्याला हसू येत होतं. घोडा शिकवलेला होता. मोतद्दाराने खूण केली की तो आडवा पडायचा, मान टाकायचा आणि एक डोळा किलकिला ठेवून साखरेची वाट बघायचा. मेल्यासारखं पडलं की साखरेचा एक चौकोनी खडा, असा त्याचा हिशेब ठरलेला होता. ग्व्होझ्देन वैतागून टोपी आपटत होता, ऊन उतरत होतं. तेव्हा कोसाराने पोराला ट्रकच्या मागे नेलं, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "तिहो, बाबा गेले. जर्मनीत आगगाडीखाली सापडले."

बाप दोब्रिवोये तेव्हा जर्मनीत इमारतींच्या कामावर होता. पोराने जो टाहो फोडला तो डोंगरापलीकडे ऐकू गेला असेल. कोसाराने त्याला बखोटीला धरून आणलं, घोड्याच्या मानेवर घातलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि स्वतः बाजूला झाली. शॉट झाला. माणसं टाळ्या वाजवत होती. तिने पोराचं नाक आपल्या परकराला पुसलं आणि हसून म्हणाली, "खोटं होतं रे, वेड्या. बाबा मजेत आहेत." मोतद्दाराने घोड्याला खडा दिला, तेव्हा तिने त्याच्याकडून आणखी एक मागून घेतला आणि पोराच्या तळहातावर ठेवला.

दोन वर्षांनी दुसरा सिनेमा चालू होता. त्यात जळक्या घरापुढे रडायचं होतं. त्या दिवशी सकाळी हॉटेलवर तार आली. दोब्रिवोये परांचीवरून पडून मेला होता, या खेपेला खरोखर. कोसाराने तार वाचली, घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि सेटवर आली. दुपार होऊ दिली. ऊन हवं तसं तिरकं झालं तेव्हा पोराला बाजूला घेऊन तिने सांगितलं, "तिहो, बाबा गेले."

पोराने तिच्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि खुदकन हसून त्याने साखरेसाठी तळहात पुढे केला.

तो शॉट झाला नाही. तो सिनेमाही धड झाला नाही. जर्मनीहून पेटी आली ती बंद होती. दफनभूमीत पोरगा आलुबुखाराच्या झाडांमागे कॅमेरा शोधत राहिला. कॅमेरा सापडला नाही, तरी कुणीतरी "थांबा" म्हणेल म्हणून तो वाट बघत होता. कुणी म्हणालं नाही. गावच्या बायका कुजबुजल्या की हे कार्टं फक्त सिनेमात रडतं. खरी गोष्ट उलटी होती. त्यानंतर ते कुठेच रडलं नाही.

कोसारा ही हकिकत लपवत नव्हती. उलट दर वर्षी घराच्या संताच्या सणाला, पाहुणे जेवून सुस्तावले की ती स्वतःच सांगायची, "माझा नवरा मेलेला, आणि मी काळजावर दगड ठेवून उन्हासाठी दुपारपर्यंत थांबले. पोराच्या कामासाठी!" पाहुणे माना डोलवायचे. "काय धीराची बाई," म्हणायचे. तिहोमिर पाहुण्यांच्या पेल्यांत दारू ओतत उभा असायचा.

"उद्या स्टुडिओ नको," रेल्या म्हणाला. "उद्या तुम्ही गाडीतून घराकडे निघालात, एवढंच घेऊ. कोट घालूनच या. आणि तुमचा फोन आमच्याकडे द्या, मन लागू दे जरा."

गाडी झिका नावाचा ड्रायव्हर चालवत होता. कॅमेरावाले पुढे गेलेत, म्हणाला. गाडी पोझेगाच्या रस्त्याला लागली तसा तिहोमिरला आनंदच झाला. परतताना आईकडे कॉफी पिऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. गेल्या सणानंतर तो तिकडे फिरकला नव्हता.

"झेकान, एक विचारू? राग नाही ना येणार?" झिकाने आरशातून बघितलं. "तो घोडा, त्याचं पुढे काय झालं हो?"

"सॉसेज झालं."

"अरे देवा! खरंच?"

"कारखान्याने घेतला. त्याला गिऱ्हाईक तरी मिळालं."

झिका हसला नाही. खरं तर तो सबंध वाटेत जरा गप्पच होता, आणि पोझेगात शिरल्यावर न विचारताच कोसाराच्या गल्लीत वळला. तिहोमिर म्हणणार होता, 'अरे, तुला घर कसं माहीत?' पण तेवढ्यात त्याला कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर काळ्या चौकटीचा कागद दिसला. तसले कागद खांबांवर असतातच, मेल्याशिवाय कोण राहतो. पण त्यावरचा फोटो त्याच्या ओळखीचा होता.

गाडी थांबली. तोच कागद समोरच्या अक्रोडावर होता आणि तोच आईच्या हिरव्या फाटकावर. वर क्रूस, खाली कोसारा दोब्रिवोये चिर्यानिच, थोड्याशा आजाराने देवाघरी गेली. शोकाकुल, मुलगा तिहोमिर. फोटो लाल ओढणीतला होता, घोड्याच्या सिनेमाच्या वेळचा. त्याच फोटोत शेजारी तो उभा होता. कागदावर त्याचा फक्त खांदा उरला होता.

फोन, त्याला आठवलं. फोन त्यांच्याकडे आहे. इथून सगळे फोन करत असतील आणि मी तिकडे रडायला शिकतोय.

अंगणात शेजारची चार माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. स्तानोय्का, आईची जन्माची शेजारीण, कॉफीचा पुडा आणि साखरेच्या खड्यांचं खोकं छातीशी धरून पुढे आली. मयताच्या घरी रिकाम्या हाताने कोण येतं? तिने त्याच्या गालांना तीनदा ओठ लावले आणि "देव तिच्या आत्म्याला क्षमा करो," असं पुटपुटली, पण त्याच्या डोळ्याला डोळा देईना. कुणीतरी त्याच्या हातात दारूचा छोटा पेला दिला. स्तानोय्कानेही एक घेतला, सवयीने पहिला थेंब मेलेल्याच्या नावाने जमिनीवर सांडला, आणि एकदम चटका बसल्यासारखी दचकून डावीकडे तीनदा थुंकली. तिहोमिरचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कधी गेली?" त्याने विचारलं.

"आत जा, तिहो," स्तानोय्का म्हणाली. "आत जा बाबा, आणि उरक."

ओसरीतलं घड्याळ बंद केलेलं होतं. तिथल्या आरशावर चादर टाकलेली. आतल्या खोलीची खिडकी सताड उघडी होती, आत्म्याला वाट हवी म्हणून. पलंगावर कोसारा होती. मरणाचे म्हणून तिने कपाटात गाठोडं बांधून ठेवलेले कपडे, काळा झगा, काळी ओढणी, एकदाही न वापरलेले मोजे, सगळं अंगावर होतं. छातीवर जोडलेल्या बोटांत मेणबत्ती जळत होती. एवढीशी दिसत होती ती. जिच्या आवाजाने तो अजूनही दचकायचा ती बाई एवढीशी होती.

तिहोमिर पलंगाकडे सरकला. नाकाच्या शेंड्याशी झोंबलं, डोळ्यांच्या कडा गरम झाल्या. ही जाणीव तो विसरूनच गेला होता. मेन्थॉलने असं होत नाही. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर टिपूस पडलंच असतं. पण त्याची नजर, जन्माची खोड, आधी कॅमेरा शोधायला गेली.

बापाच्या वेळी शोधला होता, सापडला नव्हता. आज सापडला.

कपाटाचा आरसा उघडा होता. मयताच्या घरात उघडा आरसा कुणी ठेवत नाही, आणि कोसारासारखी काटेकोर बाई तर मेली तरी ठेवणार नाही. त्या आरशात स्वयंपाकघराच्या दाराचा जाळीचा पडदा दिसत होता, आणि पडद्यामागे काळं गोल भिंग. भिंगाच्या बाजूला रेल्याची दाढी. तिहोमिरने पुन्हा पलंगाकडे बघितलं. मेणबत्तीची ज्योत आईच्या श्वासाबरोबर बारीक हलत होती.

डोळ्यातलं पाणी जिथल्या तिथे आटलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो ओरडला नाही. तो नट होता, वाईट का असेना. त्याने शांतपणे स्टूल ओढलं, पलंगाशी बसला आणि आईच्या कानाशी वाकला. कॅमेऱ्याला वाटलं असतं, मुलगा निरोप घेतोय.

"आई," तो म्हणाला, "बाबा मेले त्या दिवशी तू उन्हासाठी थांबलीस. आठवतंय?"

चेहरा शांत. पापणी हलली नाही.

"मी हात पुढे केला, साखर मागितली. तू हातावर चापट मारलीस. बाप मेला म्हणून नाही. शॉट गेला म्हणून."

काही नाही. तोंडावर जराशी तृप्तीच होती. मृताच्या तोंडावर अशी तृप्ती दिसली की लोक म्हणतात, सुखाने गेली. ही हकिकत तिला पाठ होती, दर सणाला ती स्वतःच सांगायची. त्याने तिला काय होणार?

तिहोमिरने तिच्याकडे बारकाईने बघितलं, आणि कुठे टोचायचं ते त्याला नेमकं कळलं. खाटकाला जसं सुरी कुठे घालायची ते कळतं, तसं.

"आणि एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "घोड्याच्या सिनेमात तुला एक वाक्य मिळणार होतं ना, विहिरीवरच्या बाईचं? त्यासाठी तू लाल ओढणी धुऊन ठेवली होतीस. मग ते दुसरीला दिलं. तू म्हणत आलीस, ग्व्होझ्देनच्या बायकोला तुझा हेवा वाटला म्हणून. तसं नव्हतं. ग्व्होझ्देनने मला जवळ घेऊन सांगितलं होतं, 'पोरा, तुझ्या आईला मी सहन करतो ते तुझ्यासाठी. तिचं तोंड लाकडी आहे. ती पाणी भरताना सुद्धा खोटी वाटते.' इतकी वर्षं मी हे पोटात ठेवलं. मला तुझी दया येत होती."

ज्योत थांबली. कोसाराचा श्वास थांबला होता.

"आणि आत्ताही बघ. पडून राहायचंय फक्त. मेलेल्या माणसाला काहीच करायचं नसतं. तेवढंही तुला जमत नाहीये, आई. आल्या आल्या कळलं मला."

कोसाराच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी जमलं, थोडं थांबलं, आणि सुरकुतीतून कानाकडे उतरलं. नवऱ्याच्या मरणावर कुणी पाहिलं नव्हतं ते पाणी.

"थांबा!" रेल्या पडदा बाजूला सारून बाहेर आला. "थांबा, थांबा. आजी, प्रेत रडत नाही हो!"

खिडकीबाहेर स्तानोय्का क्रूसाची खूण करत होती. तिहोमिर स्टुलावर बसून होता आणि त्याला वाटलं, लागलं. एकदाचं लागलं तिला. आता ती उठेल, माझ्या तोंडात भडकावेल, मला घराबाहेर काढेल, आणि ते काही का असेना, आम्हा दोघांतलं पहिलं खरं काहीतरी असेल.

कोसाराने डोळे उघडले. ओढणीच्या टोकाने गाल टिपला. आणि त्याच्याकडे न बघता ती रेल्याला म्हणाली, "चुकलं माझं. परत घेऊ या ना, बाळा? या खेपेला नाही रडणार."

"आजी, तुम्ही थकला असाल..."

"मी? मी कशाची थकतेय! कल्पना माझीच ना? तू फोनवर विचारलंस, हा लहानपणी कसा रडला, तेव्हा मीच म्हणाले, एकदा जमलंय, पुन्हा जमेल." मग तिने मान वळवली. "तिहो, ऊठ. दारापासून ये परत. आणि ते पाठीत वाकून बसू नकोस, कॅमेऱ्याला तुझी पाठच दिसते. अरे, उजेड चाललाय!"

तिहोमिर उठला. का उठला ते त्याला सांगता आलं नसतं. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

ती पुन्हा आडवी होत होती. कोपर टेकून, कण्हत, एकेक हाड सांभाळत. झग्याची निरी सारखी केली. मेणबत्ती बोटांत बसेना. दोनदा निसटली. रेल्याच्या हाताखालच्या एका पोरीने पुढे होऊन धरायला हात केला तर म्हणाली, "असू दे, मला येतं." शेवटी बसली एकदाची. मग तिने डोळे मिटले, ओठ दाबून घेतले आणि चेहऱ्यावरचं सगळं काही काढून टाकायचा प्रयत्न करू लागली. लाकडी तोंडाची ती म्हातारी जीव तोडून मरत होती. न वापरलेल्या मोज्यांचे स्वच्छ तळवे दाराकडे, त्याच्याकडे होते.

आणि तिहोमिरला कळलं, एक दिवस ती अशीच पडलेली असेल. हेच मोजे, हीच मेणबत्ती, फाटकावर हाच कागद. आणि मी दारात उभा राहून आरशात बघत असेन.

त्याच्या तोंडून आवाज आला. पहिल्यांदा त्याला वाटलं, बाहेर कुणीतरी खिंकाळलं. मग कळलं की तो आपलाच. त्याने चौकट धरली. नाक, डोळे, तोंड, सगळीकडून वाहायला लागलं. कुरूप, वेडंवाकडं, आठ वर्षांच्या पोराचं रडणं, सत्तावन्न वर्षांच्या गळ्यातून. "बाबा," म्हणाला तो. नेमकं तेच म्हणाला.

कोसाराने एक डोळा उघडला.

"घ्या!" ती किंचाळली. "अरे घ्या की, मेल्यांनो! रडतोय तो!"

कॅमेरावाला धावला. तिहोमिरने कोपराने तोंड झाकलं आणि भिंतीकडे वळला. पण कोसारा पलंगावरून उतरली होती. मेणबत्ती टाकून, मोज्यांनी जमिनीवर घसरत ती आली, त्याचं कोपर खाली ओढलं आणि हनुवटी चिमटीत धरून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. तिच्या बोटांना मेण लागलेलं होतं, अजून गरम. "असं," ती कुजबुजली. "असंच राहा. पुसू नकोस." आणि चौकटीत आपला हात येऊ नये म्हणून तिने तो सफाईने काढून घेतला.

तो तसाच राहिला. रडत राहिला. भिंग इतकं जवळ आलं की त्यात त्याला आपलं छोटंसं तोंड दिसत होतं.

"मिळाला," रेल्या शेवटी म्हणाला. त्याचाही आवाज ओला होता, नम्र माणूस तो. त्याने तिहोमिरच्या गालाला तीनदा गाल लावला. "काका, लोक वेडे होतील. तुम्हीच नायक, आता कुणाचा बाप काढू शकत नाही तुम्हाला." अंगणातल्या माणसांनी आत डोकावून टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "शाब्बास, झेकान!"

कोसारा पलंगाच्या कडेवर बसून धापा टाकत होती. रेल्याच्या हाताखालची पोरगी फाटकावरचा कागद काढायला निघाली तर तिने हाक मारली, "फाडू नकोस गं. नीट सोडवून दे. ठेवते मी, लागेलच." मग तिने स्तानोय्काचं खोकं जवळ ओढलं, नखाने त्याची कड उचकटली, आणि तिहोमिरला खूण केली.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने काळ्या झग्याच्या टोकाने त्याचं नाक पुसलं.

"आता खरं सांग," ती हळूच म्हणाली. "ग्व्होझ्देन तसं म्हणाला होता?"

ग्व्होझ्देन तसं काहीच म्हणाला नव्हता. ग्व्होझ्देन त्याच्याशी कधी घोड्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोललाही नव्हता.

"खोटं होतं गं, वेडे," तिहोमिर म्हणाला.

कोसाराचा चेहरा उजळला. तिने खोक्यातून साखरेचा एक खडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मग थोडा विचार करून आणखी एक काढला आणि आपल्या तोंडात टाकला.